एसीचे सुटे सेन्सर: जळगावच्या बाजारातला माल कुठे चालतो, कुठे नाही

जळगाव असो की धुळं, स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘एसीचा सेन्सर द्या’ म्हटलं की काउंटरवर एक बारकी प्लास्टिकची पिशवी येते. आत काळ्या वायरीचे दोन तुकडे. एकाच्या टोकाला हरभऱ्याहून लहान काळा मणी, दुसऱ्याच्या टोकाला तांब्याची टोपी, आणि मागच्या बाजूला दोन पिनांचे पांढरे कनेक्टर. पिशवीवर कंपनीचं नाव नसतं, फार तर पेनाने ‘10के’ खरडलेलं असतं. शंभर-दोनशे रुपयांत जोडी मिळते. कंपनीचा अस्सल भाग याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो आणि ऐन मे महिन्यात मागवल्यावर हाती यायला वेळ लागतो, म्हणून हा सुटा माल धडाक्याने खपतो.

आधी निकाल सांगून टाकू. काळ्या मण्याचा सेन्सर, म्हणजे खोलीतल्या हवेचा, या मालातला घ्यायला हरकत नाही. फक्त त्याचं मूल्य, म्हणजे तो किती ‘के’ चा ते, एसीच्या आतल्या कंट्रोल बोर्डाशी जुळलं पाहिजे. तांब्याच्या टोपीचा सेन्सर कॉइलचा, म्हणजे इनडोअरमधल्या गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीचा; तो पारखून घ्यावा, कारण यातले काही पहिल्याच पावसाळ्यात बाद होतात. आणि आउटडोअरमधल्या डिस्चार्ज पाइपवर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपवर, हा माल अजिबात लावू नये, दुकानदार कितीही म्हणाला तरी. पण त्याआधी एक गोष्ट: सेन्सर मागायला येणाऱ्या पुष्कळांना सेन्सर लागतच नसतो. त्याचं पुढे येईलच.

हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), कमी होतो, तापमान उतरलं की वाढतो. बोर्डावरचा प्रोसेसर एका ठरावीक रेझिस्टरबरोबर याला जोडून 5 व्होल्टची वाटणी करतो आणि मधल्या व्होल्टेजवरून तापमान काढतो. म्हणजे बोर्डाला तापमान ‘दिसत’ नाही, त्याला फक्त ओहम कळतात. चुकीचे ओहम दिले की तो निमूटपणे चुकीचं तापमान मानतो आणि त्यावरच कॉम्प्रेसर चालवतो. म्हणून सेन्सर ओळखायला दोन आकडे लागतात. पहिला 25 अंश सेल्सिअसला असलेला रोध, ज्याला बाजारात 5के, 10के, 15के, 20के, 50के म्हणतात (के म्हणजे हजार ओहम). दुसरा बी-मूल्य, म्हणजे तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो त्याचं माप; हे साधारणपणे 3435, 3470 किंवा 3950 असतं. पहिला आकडा दुकानदाराला माहीत असतो. दुसरा विचारला की बहुतेक काउंटरवर ‘ते काही लागत नाही भाऊ’ असं उत्तर मिळतं. लागतं.

पहिल्या आकड्यातही खानदेशात एक खास घोळ होतो, आणि तो निव्वळ उन्हाळ्यामुळे. सेन्सरवर मूल्य छापलेलं नसेल तर दुकानदार मीटर लावून ‘के’ सांगतो. ते मूल्य 25 अंशांचं. मे महिन्यात दुपारी दुकानातच 40 अंश असतात. त्या तापमानाला 10के चा चांगला सेन्सर मीटरवर 5.3 दाखवतो, आणि ‘पाच-के’ म्हणून विकला जातो. 20के चा सेन्सर त्याच काउंटरवर 10.6 दाखवतो आणि ‘दहा-के’ म्हणून पिशवीत पडतो. खरा 5के असेल तर त्या वेळी मीटरवर जेमतेम 2.9 येतात, म्हणून तो ‘खराब’ ठरून बाजूला फेकला जातो. दुकानदार फसवत असतो असं नाही. त्याचा मीटरही बरोबर असतो. फक्त 25 अंशांचं मूल्य 40 अंशांत वाचलं जातं.

अशा चुकीने 20के चा सेन्सर 10के च्या बोर्डावर बसला की काय होतं बघा. खोलीत खरोखर 40 अंश आहेत, पण बोर्डाला 10.6 हजार ओहम दिसतात, म्हणजे त्याच्या लेखी खोली 23.7 अंशांवर आहे. रिमोटवर 24 लावलेत, मग कॉम्प्रेसर चालू करायचं कारणच उरत नाही. पंखा फिरतो, आउटडोअर गप्प. रिमोटवर 18 केलं तर तो सुरू होतो आणि घरातल्यांना वाटतं, एसी ‘18 वरच चालतो’. याच्या उलट 10के च्या जागी 5के बसला तर 25 अंशांच्या खोलीत बोर्डाला 41 अंशांचा भास होतो. कॉम्प्रेसर कटऑफच घेत नाही, रात्रभर घुमत राहतो, आणि महिन्याच्या शेवटी विजेचं बिल बोलतं.

बी-मूल्याची चूक याहून लबाड असते, कारण 25 अंशांच्या आसपास ती दिसतच नाही. 3950 च्या बोर्डावर 3435 चा 10के सेन्सर लावला तर 24-25 अंशांच्या खोलीत सगळं सुरळीत वाटतं. 40 अंशांना तो दोन अंशांनी कमी वाचतो, तेही एक वेळ खपेल. खरा फटका कॉइलवर बसतो. कॉइल शून्य अंशाला आली तरी बोर्डाला ती तीन अंशांवर दिसते. बर्फ धरू नये म्हणून कॉम्प्रेसर थांबवायची जी सोय असते ती उशिरा जागी होते, आणि तोवर जाळीवर पांढरा थर बसलेला असतो. मग लोक म्हणतात गॅस कमी आहे. गॅस भरायला बोलावलेला मिस्तरीही तेच म्हणतो.

कोणत्या एसीला कोणता सेन्सर, याचा एकच नियम नाही. ग्रीच्या बनावटीच्या बऱ्याच स्प्लिटमध्ये हवेचा 15के, कॉइलचा 20के आणि डिस्चार्जचा 50के असतो. एलजीच्या पुष्कळ मॉडेलमध्ये हवेचा 10के, पाइपचा 5के. डायकिनमध्ये 20के सर्रास दिसतो. मिडियाच्या बोर्डांवर हवा आणि कॉइल दोन्हींना 10के. आपल्याकडे नाव एका कंपनीचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याच्या कारखान्यातला, असे एसी खूप, त्यामुळे पुढच्या झाकणावरचं नाव बघून सेन्सर घेऊ नका. जुना सेन्सर काढून खिशात घालून दुकानात न्या. तो आतून तुटला (ओपन) किंवा शॉर्ट झाला असेल तर त्याचा जोडीदार मोजा, आणि बोर्डावर कनेक्टरच्या शेजारी बसलेला रेझिस्टर बघा. पुष्कळदा तोही त्याच घरातल्या मूल्याचा असतो. पण याचा फक्त इशारा म्हणून उपयोग करा, खात्री सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तक्त्यावरूनच होते.

आता तपासणी. याला लागतं एक डिजिटल मल्टिमीटर (साधा चालतो), काचेचा पेला, बर्फ आणि थोडं पाणी. बर्फ कुटून पेल्यात भरायचा, वर पाणी फक्त फटी भरण्यापुरतं घालायचं. नुसत्या पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकले तर तळाशी चार-पाच अंश राहतात आणि आकडा फसवतो. सेन्सरचं टोक बर्फात मधोमध खुपसायचं, कनेक्टर मात्र कोरडा ठेवायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं आणि मग वाचायचं. मीटरची पट्टी 10के साठी 200के वर ठेवावी, कारण शून्य अंशाला तो 20के ची मर्यादा ओलांडतो. 3950 चा 10के असेल तर 32 ते 33.5 हजारांच्या दरम्यान आकडा येतो. 3435 चा असेल तर 27 ते 29. बी-मूल्य ओळखायचा घरगुती उपाय हाच, छापलेल्या कागदाची गरज नाही. 3470 चा 5के साधारण 14 ते 14.5 दाखवतो, 15के पन्नासच्या आसपास आणि 20के 65 ते 67. 50के तिथे 160 च्या पुढे जातो. आकडा स्थिर राहायला हवा. वायर टोकाजवळ हलवल्यावर तो उड्या मारत असेल तर आत जोड सैल आहे, घेऊ नका.

टोक चिमटीत धरून मोजायची सवय अनेकांना असते. त्यातून एवढंच कळतं की आकडा खाली सरकतो, म्हणजे सेन्सर जिवंत आहे. मूल्य बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

काळ्या मण्याचे सेन्सर या चाचणीत सहसा तरतात. पाच टक्क्यांचा फरक आला तरी तापमानात तो एका अंशाच्या आसपास भरतो, कारण एनटीसीचा रोध दर अंशाला साधारण चार-साडेचार टक्क्यांनी बदलतो. खोलीसाठी एक अंश म्हणजे काहीच नाही. रिमोटवर एक पाऊल इकडे-तिकडे केलं की झालं. म्हणून या जागी महाग भागाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. वायरीची लांबी तेवढी बघून घ्या. जुन्या विंडो एसीत आणि काही स्प्लिटमध्ये सेन्सर बोर्डापासून लांब असतो, आखूड वायर ताणली की ती पंख्याच्या बाजूला सरकते.

तांब्याच्या टोपीची गोष्ट निराळी. कॉइल सेन्सर इनडोअरच्या जाळीच्या बाजूला, यू-वळणाजवळ डाग दिलेल्या छोट्या तांब्याच्या नळीत बसतो आणि एसी चालू असताना त्याच्यावर सतत दव जमतं. आपल्याकडे हॉलमध्ये वाळ्याचा कूलर आणि आतल्या खोलीत एसी, मधलं दार अर्धवट उघडं, अशी घरं कमी नाहीत. कूलरची ओलसर हवा थेट या कॉइलवर येते आणि पाण्यात आणखी भर पडते. (हे दोन्ही एकत्र चालवू नयेत, पण मे महिन्यात कोण ऐकतं!) पाणी जिथून वायर टोपीत शिरते तिथूनच आत उतरतं. चांगल्या मालात ही जागा एपॉक्सीने काठोकाठ भरलेली असते आणि टोपीची कड दाबून घट्ट केलेली असते. स्वस्त मालात भराव वरवरचा असतो. नखाने दाबलं की दबतो, किंवा वायरीभोवती केसाएवढी फट दिसते. तसा सेन्सर परत द्या.

आत ओल शिरली की थर्मिस्टरला समांतर विजेची एक गळती तयार होते, रोध खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि बोर्डाला कॉइल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा गरम वाटते. पुढचा प्रकार वर सांगितलाच: बर्फ, आणि तो वितळला की इनडोअरमधून भिंतीवर पाण्याच्या धारा. खोलीच्या सेन्सरमध्ये हाच दोष आला तर कटऑफ होत नाही. याच्या उलट दोष कनेक्टरच्या गंजातून येतो. पिनांवर हिरवट थर चढला की रोधात भर पडते, बोर्डाला गार वाटतं आणि कॉम्प्रेसर वेळेआधी थांबतो. म्हणून ‘लवकर कट होतो’ अशी तक्रार असेल तर सेन्सर बदलायच्या आधी कनेक्टर काढून पुन्हा दोन-तीनदा बसवून बघा आणि पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

कॉइल सेन्सरसाठी आणखी एक चाचणी जरूर करावी. रात्रभर त्याची टोपी पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी पुसून पुन्हा बर्फात मोजायचं. आकडा आदल्या दिवशीपेक्षा उतरला असेल तर तो सेन्सर ठेवण्यात अर्थ नाही. मग मीटर सगळ्यात वरच्या पट्टीवर नेऊन एक टोक वायरीला, दुसरं तांब्याच्या टोपीला लावायचं. इथे कुठलाही आकडा येता कामा नये. आला, तर ओल आत पोहोचली आहे किंवा आतली तार टोपीला टेकली आहे.

आता ज्यांना सेन्सर लागतच नाही त्यांच्याबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी जेट पंपाने एसी धुतले जातात आणि त्यानंतर लगेच ‘सेन्सर गेला’ अशा तक्रारी सुरू होतात, हा योगायोग नाही. धुताना कॉइल सेन्सर नळीतून ओढून बाजूला करतात आणि परत बसवताना तो अर्धाच शिरतो किंवा जाळीला नुसता टेकवून ठेवतात. त्याला धरून ठेवणारी पितळी पट्टी खाली पाण्याच्या ट्रेमध्ये पडलेली असते, ती शोधायची तसदी कोणी घेत नाही. मग सेन्सर कॉइलऐवजी हवा मोजतो. काही बोर्ड अशा वेळी कॉइल गार होत नाही असा अर्थ काढून डिस्प्लेवर गॅस गळतीचा एरर कोड देतात. सेन्सर बदला, बोर्ड बदला, गॅस भरा, काहीही केलं तरी कोड परत येतो. उपाय: सेन्सर पूर्ण आत, पट्टी जागेवर, आणि वायर खालच्या बाजूने वळवून घेणं, म्हणजे पाणी वायरीवरून टोपीकडे न जाता मध्येच टपकतं.

खोलीच्या सेन्सरचंही तसंच. तो फिल्टरच्या मागे, जाळीच्या पुढे एका प्लास्टिकच्या क्लिपमध्ये असतो आणि त्याचा जाळीला स्पर्श होऊ नये अशी अपेक्षा असते. क्लिप तुटली आणि मणी जाळीला चिकटला की तो कॉइलचंच तापमान वाचतो, आणि दोन-चार मिनिटांत कॉम्प्रेसर बंद. केबल टायचा छोटा तुकडा लावून तो बोटभर पुढे आणला तरी दोष जातो. फिल्टर धुळीने गच्च भरला असेल तर याच सेन्सरपाशी हवा अडते आणि एसी खोलीपेक्षा स्वतःचीच हवा मोजत बसतो. कापूस हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथे आउटडोअरच्या जाळीवरही सरकीच्या तुसाचा नमदा बसतो.

एक गंमत रिमोटची. ‘आय फील’ किंवा ‘फॉलो मी’ असं बटण असलेल्या रिमोटमध्ये स्वतःचा एक सेन्सर असतो. ते बटण चुकून दाबलं गेलं की एसी भिंतीवरचा सेन्सर सोडून रिमोटचं ऐकतो. रिमोट पश्चिमेच्या खिडकीत उन्हात पडला असेल तर एसी थांबत नाही, आणि एसीच्या झोताखाली उशीवर असेल तर लगेच थांबतो. स्क्रू काढण्याआधी हे बटण बंद करून अर्धा तास बघा.

कोडवरही डोळे झाकून विसंबू नये. डायकिनमध्ये सी9 म्हणजे खोलीच्या हवेचा थर्मिस्टर आणि सी4 म्हणजे इनडोअर कॉइलचा. एलजीमध्ये सीएच01 हवेचा, सीएच02 पाइपचा. ग्रीमध्ये एफ1 हवेचा आणि एफ2 कॉइलचा. पण कोड फक्त एवढंच सांगतो की त्या वाटेने येणारा रोध शक्यतेबाहेरचा आहे. वायर उंदराने कुरतडली असेल, कनेक्टर सुटला असेल, बोर्डावरच्या त्या रेझिस्टरला मुंग्या लागल्या असतील, तरी कोड तोच. सेन्सर काढून मोजला आणि आकडा बरोबर आला, तर नवा सेन्सर घेऊन काहीही बदलणार नाही. आणि सेन्सर थोडासाच सरकला असेल, म्हणजे मूल्य चुकीचं पण शक्यतेच्या आत, तर कोड येतच नाही. सगळ्यात जास्त त्रास देणारे सेन्सर हेच.

बसवण्याबद्दल. आधी एमसीबी पाडायचा, रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरला हात लावायचा असेल तर त्यानंतर किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वरचा डीसी साठलेला असतो. शिवाय अनेक इन्व्हर्टर बोर्डांत सेन्सरची 5 व्होल्टची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते. म्हणून वीज चालू ठेवून सेन्सरच्या पिनांवर व्होल्टेज बघायचा प्रकार, जो व्हिडिओंमध्ये दाखवतात, तो घरी करू नये. सेन्सर नेहमी बोर्डापासून सोडवूनच मोजायचा. लावलेला मोजला तर बोर्डाचा रेझिस्टरही त्यात मिसळतो.

कनेक्टर वायर धरून ओढायचा नाही, प्लास्टिकचं घर धरून काढायचा. बऱ्याच बोर्डांवर पिनांमधलं अंतर 2.5 मिलिमीटर असतं, काहींवर 2. सुट्या सेन्सरचा कनेक्टर बसत नसेल तर जुन्याचाच कनेक्टर थोड्या वायरीसकट कापून ठेवा आणि नव्या वायरीला जोडा. थर्मिस्टरला उलट-सुलट नसतं, कोणतीही वायर कुठेही चालते. दोन जोड एकासमोर एक येऊ देऊ नका, एक वायर बोटभर आखूड कापा. कथिलाने डाग द्या आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली तर आपल्या उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा वितळून ती घसरते, आणि उघड्या जोडावर पावसाळ्यात बुरशीसारखा हिरवा थर चढतो. सेन्सरची वायर मोटारच्या किंवा कॉम्प्रेसरच्या वायरींच्या जुडग्यात बांधायची नाही.

हवेचा आणि कॉइलचा सेन्सर वेगळ्या मूल्याचे असतील तर अदलाबदल टाळा. 15के च्या जागी 20के गेला तर 25 अंशांची खोली बोर्डाला 19 च्याही खाली वाटते. पांढरे कनेक्टर दोन्हीकडे सारखेच असले तर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं.

इथे बाजारातला एक धंदा सांगायलाच हवा. ऐन सीझनमध्ये सेन्सर मिळाला नाही की काही कारागीर त्या जागी तेवढ्याच ओहमचा साधा रेझिस्टर डागतात. कोड जातो, एसी सुरू होतो, पैसे घेऊन माणूस जातो. पण रेझिस्टर तापमान ओळखत नाही. हवेच्या सेन्सरच्या जागी लावला तर एसी एकतर कधीच थांबत नाही किंवा कधीच सुरू होत नाही, रिमोटवर काय लावलं त्यावर अवलंबून. कॉइलच्या जागी लावला तर बर्फाचं संरक्षण कायमचं गेलं. बर्फ वाढून द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे परत जाऊ लागला की आतल्या व्हॉल्व्ह आणि बेअरिंगची वाट लागते, आणि पन्नास पैशांच्या रेझिस्टरपायी हजारोंचा कॉम्प्रेसर जातो. दुरुस्तीनंतर इनडोअरचं झाकण उघडून जुना आणि नवा सेन्सर दाखवायला सांगा. दोन दिवसांची सोय म्हणून रेझिस्टर लावलाच असेल तर ते बिलावर लिहून घ्या.

राहिला आउटडोअरचा डिस्चार्ज सेन्सर. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपवर हा बसतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये तो 50के असतो, 90 अंशांना तो 4.7 हजार ओहमच्या आसपास येतो आणि बोर्ड याच आकड्यावरून कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो किंवा तो थांबवतो. मे महिन्यात भुसावळला पत्र्याखाली किंवा गच्चीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवलेल्या आउटडोअरला स्वतःचीच गरम हवा परत मिळते. एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते, इथे पंख्यापाशी त्याहून कितीतरी जास्त असतात. अशा वेळी डिस्चार्ज तापमानाचा कोड आला तर सेन्सर बहुधा खरंच बोलतोय. जाळी धुवा, आउटडोअरसमोरची अडगळ काढा, वर सावली करा पण हवा अडवू नका, गॅसचा दाब बघून घ्या. हे सगळं झाल्यावरही, सकाळी गार अवस्थेत मोजला असता रोध चुकीचा आला, तरच सेन्सर दोषी.

आणि मग अस्सलच घ्या. सुट्या सेन्सरची वायर साध्या पीव्हीसीची असते. सतत 80-90 अंशांच्या पाइपला टेकून ती आधी मऊ पडते, मग कडक होऊन तडकते. टोपीतला साधा एपॉक्सीही त्या उष्णतेला टिकत नाही, आत पोकळी पडते आणि सेन्सर पाइपपेक्षा दहा-पंधरा अंश मागे वाचायला लागतो. म्हणजे कॉम्प्रेसर भाजत असताना बोर्ड निवांत. अस्सल भागाला उष्णतेला टिकणारं आवरण असतं आणि त्याच्यावरून वेगळी जाळीदार बाही असते, ती काढून फेकू नये. पाइपवरच्या नळीत थोडी थर्मल पेस्ट घालून सेन्सर बसवावा, पट्टी घट्ट करावी आणि वरचं इन्सुलेशन होतं तसं गुंडाळावं. ते उघडं राहिलं तर सेन्सर पाइपबरोबर बाहेरची हवाही मोजतो.

वॉरंटी चालू असलेल्या एसीला यातलं काही लावू नका, कापलेला कनेक्टर दिसला की कंपनीचा माणूस बोर्डाचा दावा नाकारू शकतो. वॉरंटी संपली असेल आणि इनडोअरचेच सेन्सर हवे असतील तर दुकानात जाताना जुना सेन्सर, मीटर आणि थर्मासमध्ये कुटलेला बर्फ घेऊन जा. बहुतेक दुकानांत ‘इलेक्ट्रिक माल परत नाही’ अशी पाटी असते, त्यामुळे मोजायचं ते पैसे देण्याआधी. डिस्चार्ज सेन्सर मागवताना एसीचं नाव आणि टन सांगून भागत नाही. आउटडोअरच्या बाजूच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लागतो, शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या मालात सेन्सरचा कनेक्टर बदललेला असू शकतो. उन्हाने स्टिकर उडाला असेल तर तोच नंबर बिलावर किंवा इनडोअरच्या कडेला सापडतो.